मुदत संपलेले फिटनेस आणि हातात पडलेला मेमो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५६ मध्ये एक तरतूद अशी आहे, की तिचा पूर्ण अर्थ वाहनधारकाच्या ध्यानात बहुधा गाडी अडवली गेल्यावरच येतो. परिवहन वाहनापाशी चालू मुदतीचे योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे वाहन रस्त्यावर चालवण्यास सुरक्षित असल्याचा तपासणीअंती दिलेला नमुना ३८ मधील दाखला, नसेल, तर कलम ३९ च्या प्रयोजनासाठी ते वाहन वैध रीतीने नोंदलेलेच नाही, असे कायदा धरतो. बोलण्यात ज्याला ‘फिटनेस’ किंवा ‘पासिंग’ म्हणतात तो लायसन्स आणि पीयूसी यांच्या जोडीचा आणखी एक कागद आहे, अशी समजूत बडोद्याच्या हाथीखान्यातील टेम्पोवाल्यापासून मकरपुऱ्याच्या कारखान्यात कामगार पोहोचवणाऱ्या बसमालकापर्यंत सर्वत्र आढळते; पण या तरतुदीपुढे ती टिकत नाही. फिटनेसची मुदत संपली की नंबरप्लेट, आरसी बुक, भरलेला कर हे सगळे जागच्या जागी असूनही वाहन कायद्याच्या दृष्टीने बिननोंदणीचे ठरते, आणि दंड, जप्ती, परवाना व विमा या चारही बाबतींतले परिणाम याच एका कल्पनेतून निघतात.

‘परिवहन वाहन’ या संज्ञेची व्याप्ती आधी पाहणे आवश्यक आहे, कारण बऱ्याच चुका तेथेच होतात. भाडे घेऊन माणसे नेणारी रिक्षा, टॅक्सी वा बस तिच्यात येते हे उघडच आहे, परंतु शैक्षणिक संस्थेची बस, कारखान्याने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ठेवलेली बस आणि मालवाहू वाहन हेही कलम २ मधील व्याख्येत स्पष्टपणे आलेले आहे. मालवाहू वाहनाच्या बाबतीत माल कोणाचा हा प्रश्न कायदा विचारत नाही. पादऱ्याहून स्वतःच्या शेतातली भाजी स्वतःच्या छोट्या टेम्पोतून सयाजीपुऱ्याच्या बाजार समितीत आणणारा शेतकरी किंवा स्वतःच्या दुकानाचे फर्निचर ग्राहकाच्या घरी पोहोचवणारा व्यापारी ‘आम्ही भाडे घेत नाही’ असे सांगतो तेव्हा ते खरे असले, तरी त्यामुळे फिटनेसमधून सूट मिळत नाही. खासगी मोटारी आणि दुचाक्या यांना मात्र वेगळा नियम लागू होतो, ज्याचा विचार पुढे केला आहे.

मुदतीचे गणित केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ६२ मध्ये दिले आहे. नव्या परिवहन वाहनाचे फिटनेस दोन वर्षांसाठी असते, त्यानंतर वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत प्रत्येक नूतनीकरण दोन वर्षांसाठी होते आणि आठ वर्षे उलटल्यावर ते दरवर्षी करावे लागते. २०१८ च्या नोव्हेंबरपूर्वी पहिल्या दोन वर्षांनंतर दरवर्षी पासिंग करावे लागत असे. त्या सवयीमुळे आधी तारीख सहसा चुकत नसे, आता दोन वर्षांच्या अंतरामुळे ती विसरली जाते, हा सवलतीचा न मागितलेला परिणाम म्हणावा लागेल. आठव्या वर्षी मुदत दोन वर्षांवरून एक वर्षावर येते तेव्हा गफलत होण्याचा संभव सर्वाधिक असतो, म्हणून अंदाजावर न राहता प्रमाणपत्रावर छापलेली तारीख वाचावी. हे प्रमाणपत्र मुदतीत असेपर्यंत भारतभर चालते, त्यामुळे नाशिक वा जळगावहून माल घेऊन आलेल्या ट्रकाला बडोद्यात वेगळे पासिंग लागत नाही. आणि तेवढ्याच सरळपणे, तेथे संपलेले फिटनेस येथेही संपलेलेच असते.

वाहन पकडले जाण्याची रीत गेल्या काही वर्षांत बदलली आहे. पूर्वी गोल्डन चोकडीवर किंवा महामार्गावर आरटीओचे पथक उभे असले, की चालक आधीच्या फाट्यावरून गाडी वळवीत असत. २०२४ च्या ऑक्टोबरपासून गुजरातमध्ये टोलनाक्यांवरील कॅमेऱ्यांनी टिपलेला वाहनक्रमांक ‘वाहन’ या केंद्रीय नोंदणी प्रणालीशी ताडून पाहण्याची पद्धत सुरू झाली. फिटनेस, विमा, पीयूसी, कर वा परवाना यांपैकी काही संपलेले आढळल्यास कोणीही गाडी न अडवता ई-मेमो तयार होतो, आणि वासद किंवा करजणच्या बाजूने शहरात येणाऱ्या वाहनाला हा पहारा चुकवता येत नाही. इलेक्ट्रॉनिक देखरेखीतून उघडकीस आलेल्या गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पाठवावी असे नियम १६७अ सांगतो, पण ती जाते नोंदणीत असलेल्या मोबाइल क्रमांकावर आणि पत्त्यावर. क्रमांक बदललेला असेल किंवा गाडी घेतल्यावर एजंटाने स्वतःचाच क्रमांक टाकून ठेवला असेल, तर मेमो साचत राहतात आणि मालकाला त्यांचा पत्ता लागतो तो थेट पुढच्या पासिंगच्या वेळी. म्हणून परिवहन पोर्टलवर आपला मोबाइल क्रमांक तपासून घेणे हे या विषयातील सर्वांत स्वस्त काम होय.

वाहन रस्त्यातच अडवले गेले, तर दोन परिस्थितींमधील भेद प्रथम ओळखावा. फिटनेस चालू आहे पण कागद जवळ नाही ही एक परिस्थिती. फिटनेसच संपलेले आहे ही दुसरी. पहिल्या परिस्थितीत, २०१८ मध्ये दुरुस्त झालेल्या नियम १३९ नुसार डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या अ‍ॅपमधील प्रत मूळ कागदाइतकीच ग्राह्य असते, आणि तीही दाखवता आली नाही तर पंधरा दिवसांत कागद सादर करण्याची मुभा आहे. अशा वेळी फिटनेस नसल्याचा मेमो मुकाट्याने स्वीकारून पैसे भरणे चुकीचे ठरेल. दुसऱ्या परिस्थितीत अधिकाऱ्यापुढील पडद्यावर तारीख आधीच आलेली असते, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ उरत नाही. तेथे चालकाने एवढेच पाहावे, की मेमोवर वाहनक्रमांक, ठिकाण, वेळ आणि कलम बरोबर लिहिले आहे, आणि जागेवर रक्कम भरल्यास तिची पावती मिळाली आहे. मेमो गुजरातीत असतो. बडोद्यातील मराठी कुटुंबांना ती भाषा परकी नाही, पण महाराष्ट्रातून आलेल्या चालकाने न समजलेल्या मजकुरावर सही करण्यापूर्वी तो वाचून घेण्याची विनंती अवश्य करावी. गाडी पासिंगलाच नेत होतो हे कारण पुष्कळदा दिले जाते आणि कधी कधी ते खरेही असते, तथापि तोंडी कारणावर भिस्त ठेवू नये. तपासणीची वेळ घेतल्याची पावती व भरलेल्या शुल्काचा पुरावा जवळ असावा, गाडी रिकामी असावी आणि ती त्याच वाटेवर असावी. भरलेला माल किंवा बसलेले प्रवासी घेऊन ‘पासिंगला चाललो’ असे सांगणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये.

आता दंडाकडे वळता येईल. वाहन बिननोंदणीचे धरले जात असल्याने शिक्षा कलम १९२ खाली होते: पहिल्या गुन्ह्यास दोन ते पाच हजार रुपये दंड, आणि पुन्हा घडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच ते दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. हे कलम वाहन चालवणाऱ्याला जसे लागू आहे तसेच ते चालवायला लावणाऱ्याला किंवा चालवू देणाऱ्यालाही लागू आहे, त्यामुळे पगारी चालकावर सारे ढकलून मालकाला मोकळे होता येत नाही आणि मालकाने सांगितले म्हणून चालकही सुटत नाही. न्यायालयात न जाता ठरावीक रक्कम भरून प्रकरण मिटवण्याची सोय कलम २०० मध्ये आहे; तिला तडजोड शुल्क म्हणतात, गुजराती कागदांत ‘मांडवाळ’. या शुल्काचे दर राज्य सरकार ठरवते. २०१९ च्या दुरुस्तीने देशभर दंड वाढले तेव्हा गुजरात सरकारने १० सप्टेंबर २०१९ रोजी अनेक दर खाली आणल्याचे जाहीर केले आणि ते १६ सप्टेंबरपासून लागू झाले. हेल्मेट नसल्याचा एक हजाराचा दंड तेव्हा पाचशेवर आला. त्यामुळे मुंबई-पुण्यातील नातेवाइकाने सांगितलेला आकडा बडोद्यात लागू असेलच असे नाही, आणि मेमोवरील रक्कम हीच विचारात घ्यावी.

तडजोड शुल्क भरल्याने त्या दिवसाचा गुन्हा मिटतो; गाडी त्यामुळे रस्त्यावर आणण्याजोगी होत नाही. सकाळी मेमो भरला आणि संध्याकाळी तीच गाडी दुसऱ्या नाक्यावरून गेली, तर दुसरा मेमो कायदेशीरच असतो आणि तो आता ‘पुन्हा घडलेला गुन्हा’ म्हणून पाहिला जाऊ शकतो. मेमो चुकीचा आहे असे वाटल्यास पैसे भरू नयेत, कारण भरणे म्हणजे गुन्हा मान्य करणे. अशा वेळी प्रमाणपत्राची प्रत जोडून मेमोत दिलेल्या मुदतीत हरकत नोंदवावी, आणि ती मानली गेली नाही तर न्यायालयात म्हणणे मांडावे. बडोद्याचे न्यायालय संकुल दिवाळीपुऱ्यात आहे; पण वाहतुकीचे पुष्कळ मेमो आता आभासी न्यायालयाच्या संकेतस्थळावरच पाहता येतात, म्हणून चकरा मारण्यापूर्वी तेथे वाहनक्रमांक घालून पाहणे शहाणपणाचे.

दंडापेक्षा जप्तीचा फटका मोठा असतो. कलम २०७ नुसार कलम ३९ चा भंग करून वापरले जाणारे वाहन अधिकारी ताब्यात घेऊ शकतो. ‘गाडी डिटेन झाली’ असे म्हणतात ते हेच. लायसन्स वा परवाना नसल्याच्या प्रकरणात गाडीऐवजी केवळ आरसी ठेवून घेऊन पोच देण्याचा पर्याय याच कलमात आहे, नोंदणीच्या कलमाचा भंग असेल तेव्हा मात्र त्या पर्यायात त्याचा उल्लेख नाही. परिणामी नाशवंत माल भरलेला टेम्पो अडकला, तर माल दुसऱ्या गाडीत भरण्याची व्यवस्था मालकालाच तातडीने करावी लागते. गाडी सोडवण्यासाठी कागदपत्रांसह परिवहन अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो आणि तो अटी घालून सुटकेचा आदेश देऊ शकतो. येथे एक अडचण ठरलेली असते: गाडी सुटल्याशिवाय तपासणीला नेता येत नाही आणि तपासणीशिवाय फिटनेस मिळत नाही. तिच्यातून मार्ग निघतो तो अर्जातच तपासणीची निश्चित तारीख व शुल्काची पावती जोडून, गाडी थेट तपासणीलाच नेली जाईल असे लेखी देण्याने. ताब्यात देताना गाडीतील वस्तूंची, इंधनाच्या पातळीची आणि बाहेरील ओरखड्यांची नोंद करून घ्यावी व छायाचित्रे काढून ठेवावीत.

परवान्यावर होणारा परिणाम सावकाश पण खोल असतो. कलम ८४ नुसार चालू फिटनेस बाळगणे ही प्रत्येक परवान्याची अंगभूत अट आहे, आणि अटीचा भंग झाल्यास कलम ८६ खाली परवाना निलंबित वा रद्द होऊ शकतो.

तरीही या सर्वांत मोठी जोखीम विम्याची आहे, आणि तिच्याविषयी वाहनधारकांत जेवढे अज्ञान आहे तेवढे दुसऱ्या कशाविषयीही नसेल. विम्याची पॉलिसी चालू आहे, हप्ता भरलेला आहे, मग फिटनेस संपल्याने काय बिघडणार, असा सरळ तर्क केला जातो. येथे विम्याचे दोन भाग वेगळे धरले पाहिजेत. पहिला तृतीय पक्षाचा विमा, म्हणजे आपल्या वाहनामुळे इतरांना झालेल्या इजेची वा मृत्यूची भरपाई देणारा, कायद्याने सक्तीचा भाग. दुसरा स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा, ऐच्छिक भाग. पहिल्या भागात विमा कंपनीला कोणत्या कारणांवरून जबाबदारी नाकारता येते याची यादी कायद्यातच आहे. फिटनेस नसणे हे कारण तिच्यात त्या शब्दांत आलेले नसल्याने उच्च न्यायालयांची मते एकसारखी नाहीत. केरळ उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०१८ मध्ये फिटनेस नसणे हा विमा कराराचा मूलभूत भंग होय असे ठरवले, तर इतरत्र काही निकालांत केवळ या कारणावरून कंपनीला सुटता येणार नाही अशी भूमिका दिसते. जेथे भंग मूलभूत मानला जातो तेथे न्यायाधिकरण साधारणतः ‘आधी भरा, मग वसूल करा’ हा मार्ग धरते: कंपनीने अपघातग्रस्ताला रक्कम द्यावी आणि नंतर ती वाहनमालकाकडून वसूल करावी. अपघातग्रस्ताच्या दृष्टीने हे न्याय्य आहे. मालकाच्या दृष्टीने पाहता मात्र, एखाद्या कमावत्या माणसाच्या मृत्यूची भरपाई, जी सहज काही लाखांत जाते, ती अखेर त्याच्या घरावर किंवा दुकानावर येते. काही हजारांचे पासिंग पुढच्या महिन्यावर ढकलणाऱ्याने हा हिशेब एकदा तरी मांडलेला असावा.

दुसऱ्या भागात मालकाची बाजू आणखी कमकुवत असते. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेल्या गाडीच्या अपघातात दावा नाकारणे योग्यच होते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला आणि २०२१ मध्ये चोरीच्या प्रकरणातही तेच तत्त्व लावले. ते निकाल नोंदणीविषयी आहेत, फिटनेसविषयी नाहीत. परंतु फिटनेसविना परिवहन वाहन नोंदणीकृत धरले जात नाही असे कलम ५६ म्हणत असल्याने विमा कंपन्यांचे वकील एका पायरीवरून दुसरीवर सहज येतात. दावा नाकारला गेल्यास मालकाने दोन गोष्टी मांडण्याजोग्या असतात: अपघाताचे कारण वाहनाच्या यांत्रिक स्थितीशी निगडित नव्हते, उदाहरणार्थ उभ्या गाडीला मागून धडक बसली, आणि पूर्ण रक्कम नाही तरी काही हिश्शात दावा मंजूर करण्याची पद्धत विमा व्यवहारात प्रचलित आहे. नकार लेखी घेऊन जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पण यशाची खात्री कोणीही देऊ नये.

पालकांनाही या विषयाशी कर्तव्य आहे. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणीच्या तलावात सहलीच्या बोटीला जलसमाधी मिळून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका मृत्युमुखी पडल्या, आणि त्याच वर्षी २५ मे रोजी राजकोटच्या गेम झोनला आग लागली. त्यानंतर गुजरातमध्ये मुलांची ने-आण करणाऱ्या ‘स्कूल वर्धी’च्या रिक्षा व व्हॅन यांच्या कागदपत्रांची तपासणी कडक झाली, आणि जूनमध्ये शाळा उघडताच अहमदाबादेत वर्धीचालकांनी संप पुकारला. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते, कारण पासिंगची प्रक्रिया लांबते आणि तेवढ्या दिवसांची कमाई बुडते; पण ती अडचण वेळ मागण्याचे कारण होऊ शकते, तपासणीविना मुले नेण्याचे नव्हे. पालकाने व्हॅनचा क्रमांक एमपरिवहन अ‍ॅपमध्ये घालून फिटनेस, विमा व पीयूसी यांच्या तारखा पाहाव्यात. यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. नंबरप्लेट पांढरी असेल, तर वाहन खासगी म्हणून नोंदलेले आहे आणि त्यातून भाड्याने मुले नेणे हा परवान्याविना वाहतुकीचा वेगळा गुन्हा आहे, ज्याला कलम १९२अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपये दंड सांगितला आहे. अशा गाडीत फिटनेसचा प्रश्न विचारण्याचीही पायरी येत नाही.

प्रत्यक्ष पासिंगसाठी अर्ज परिवहन पोर्टलवर करावा लागतो. बडोद्याचे प्रादेशिक परिवहन कार्यालय शहराबाहेर दरजीपुऱ्यास, महामार्गालगत आहे. परंतु सप्टेंबर २०२१ च्या नियमांनी स्वयंचलित चाचणी केंद्रांची व्यवस्था आणल्यापासून तपासणीचे काम निरीक्षकाच्या नजरेकडून क्रमाक्रमाने यंत्राकडे जात आहे. या केंद्रात गाडी रुळांवर चढवून प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोर धरतो हे मोजतात, दिव्यांच्या झोताची दिशा व तीव्रता पाहतात, चाके सरळ रेषेतून किती सरकतात हे तपासतात, वेगदर्शक, धूर आणि आवाज यांची मोजणी करतात; त्याखेरीज टायर, काचा, वायपर, आरसे, परावर्तक पट्ट्या, वेगमर्यादक आणि ट्रकाच्या मागील-बाजूच्या संरक्षक कठड्यांची डोळ्यांनी पाहणी होते. अर्जापूर्वी विमा, पीयूसी व कर चालू असल्याची खात्री करावी, कारण यांतील एक जरी अडला तर अर्ज पुढे सरकत नाही. शुल्क वाहनाच्या प्रकारावर आणि वयावर अवलंबून असल्याने ते अर्जाच्या वेळी पोर्टलवरच पाहावे. विलंबाचा दर मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे: मुदत उलटल्यावर प्रत्येक दिवसाला पन्नास रुपये, म्हणजे तीन महिन्यांची दिरंगाई सुमारे साडेचार हजारांना पडते. गाडी नापास झाल्यास दोषांची यादी मिळते. ते दुरुस्त करून पुन्हा शुल्क भरून फेरतपासणी करून घेता येते, आणि निकालच अमान्य असेल तर अपिलाचीही सोय आहे.

पासिंगपुरते चांगले टायर भाड्याने बसवायचे, परावर्तक पट्ट्या चिकटवायच्या आणि बाहेर पडल्यावर जुने टायर पुन्हा चढवायचे, ही चाल देशभरातल्या मोटार धंद्यात जुनीच आहे. तिने कागद मिळतो, पण कलम १९० प्रमाणपत्राकडे पाहत नाही: ज्या दोषाची मालकाला वा चालकाला माहिती होती किंवा साध्या काळजीने कळू शकली असती, असा दोष असलेले वाहन चालवणे हाच गुन्हा आहे, त्यास पंधराशे रुपये दंड आहे, आणि त्या दोषातून अपघात होऊन इजा वा नुकसान झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बडोद्याला याचा अनुभव ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला आलेल्या पुराने दिला. अनेक वस्त्यांत गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या. त्यांतील कितीतरींचे फिटनेस कागदावर चालू राहिले, पण चिखल शिरलेले ब्रेक, गंजू लागलेली वायरिंग आणि पाणी मिसळलेले तेल यांना त्या तारखेशी काही देणेघेणे नव्हते. पाण्यातून काढलेल्या गाडीची, मुदत शिल्लक असली तरी, यांत्रिक तपासणी करून तिचे बिल जपून ठेवणे पुढे कलम १९० च्या प्रकरणातही आणि विम्याच्या दाव्यातही उपयोगी पडते. अशाच आपत्तीच्या संदर्भात कलम १९२ मधील एक अपवाद माहीत असावा: आजारी वा जखमी व्यक्तीला नेण्यासाठी, किंवा संकटग्रस्तांसाठी अन्न, साहित्य वा औषधे पोहोचवण्यासाठी तातडीने वाहन वापरले असेल तर ही शिक्षा लागू होत नाही, मात्र सात दिवसांच्या आत प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाला तसे कळवावे लागते. कळवण्याचा हा भागच बहुतेक जण विसरतात.

खासगी मोटार आणि दुचाकी यांना दर दोन वर्षांची तपासणी नसते. त्यांची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि नंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी वाढवली जाते. ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून जुन्या खासगी गाडीलाही दरवर्षी एमओटी चाचणी द्यावी लागते, उलट अमेरिकेतील टेक्सास राज्याने जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणीच रद्द केली. भारताचा नियम या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे, आणि पंधरा वर्षे कोणीही न पाहता गाडी चालू देणे हे फारच सैल आहे असे म्हणण्यास जागा आहे. नूतनीकरणाचा अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत करता येतो. पंधरा वर्षांवरील मोटारीसाठी शुल्क पाच हजार आणि दुचाकीसाठी एक हजार आहे, ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरील वाहनांसाठी ते अनुक्रमे दहा हजार व दोन हजार झाले. विलंबाला दुचाकीस दरमहा तीनशे आणि इतर खासगी वाहनांस पाचशे रुपये अधिक लागतात. पंधरा वर्षे झाली म्हणजे गाडी भंगारात घालावीच लागते, हा समज दिल्ली परिसरातील बंदीच्या बातम्यांमुळे पसरला आहे. गुजरातमध्ये खासगी गाडीवर वयाची तशी सरसकट बंदी नाही, ती तपासणीत उत्तीर्ण होणे एवढीच अट आहे. नोकरीनिमित्त पुण्याहून बडोद्यास आलेल्या कुटुंबाची गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे राहिली, तर मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणून गुजरातचा क्रमांक घ्यावा लागतो. पंधरावे वर्ष जवळ आले असेल तर हे काम आधी उरकावे.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून अधिक होत असेल, तर ती नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रात देणे श्रेयस्कर. तेथे मिळणारे ठेव प्रमाणपत्र नवे वाहन घेताना दाखवल्यास मोटार वाहन करात, राज्याच्या निर्णयानुसार, खासगी वाहनासाठी पंचवीस टक्क्यांपर्यंत आणि परिवहन वाहनासाठी पंधरा टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. ओळखीच्या भंगारवाल्याला किंवा गॅरेजवाल्याला रोख घेऊन गाडी देऊन टाकल्यास नोंदणी मात्र जुन्याच नावावर राहते, आणि नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलेले असल्याने, त्या गाडीचे सुटे भाग किंवा नंबरप्लेट पुढे कोठे वापरली गेली तर मेमो, कराची मागणी आणि प्रसंगी अपघाताच्या दाव्याची नोटीस जुन्या मालकाच्याच पत्त्यावर येते. म्हणून गाडी कोणत्याही मार्गाने हातावेगळी केली, तरी काही आठवड्यांनी पोर्टलवर तिचा क्रमांक घालून नोंदणी रद्द झाली की दुसऱ्याच्या नावे चढली हे पाहून घ्यावे, आणि तसे दिसेपर्यंत व्यवहाराचे सर्व कागद सांभाळून ठेवावेत.